निवळशंख पाणी

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यात वेल्हे तालुक्यातील दहा-बारा शिक्षकांबरोबर आम्ही एका गडावर गेलो होतो. (तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, पण तोरण्याच्या पायथ्याचे गाव वेल्हेच आहे, म्हणून येथे जुनेच नाव ठेवतो.) बरोबर काचेच्या पाच लहान बाटल्या होत्या. एकीत गडावरच्या टाक्यातले पाणी भरले, दुसरीत पायथ्याजवळच्या झऱ्याचे, तिसरीत गावविहिरीचे, चौथीत हातपंपाचे. पाचवीत पुन्हा टाक्यातलेच पाणी, पण उकळून निववलेले. मग सर्वांना विचारले, यांतले कोणते पाणी प्याल? उकळलेल्या पाण्याला कुणी मत दिले नाही. त्याची चव मेलेली असते म्हणे. हातपंपाचे पाणी तांबूस होते, त्याला लोखंडाचा वास येत होता. तेही बाद झाले. बहुतेक सर्व मते गडावरच्या टाक्याला पडली. पाणी थंडगार होते आणि तळाचा खडा दिसावा इतके स्वच्छ होते. ज्यांच्या घरी आमचा मुक्काम होता त्या आजी म्हणाल्या, "निवळशंख पानी हाय, त्याला कशाला तपासायचं?"

बाटल्यांत आधीच एका विशिष्ट द्रावणात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या होत्या. ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. विष्ठेबरोबर पाण्यात येणारे अनेक जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. पट्टीतल्या लोहाच्या क्षाराशी त्याचा संयोग झाला की पाणी काळे पडते. जिवाणूंना वाढायला ऊब लागते आणि वेल्ह्यात फेब्रुवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात, म्हणून बाटल्या घोंगडीत गुंडाळून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन बाटल्या शाईसारख्या काळ्या झाल्या होत्या: विहिरीची आणि टाक्याची. ज्याला मते पडली नव्हती ते हातपंपाचे पाणी जसेच्या तसे होते.

त्या दुपारी शिक्षकांनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर म्हणजे हा लेख. प्रश्न असा होता: "मग इतकी वर्षे लोक हेच पाणी पीत होते, ते कसे?"

कातळाची निवड

उत्तराची सुरुवात खडकापासून करावी लागेल. वेल्ह्याच्या डोंगरांवर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुणे शहरात जेमतेम सातशे-साडेसातशे. तरीही उन्हाळ्यात येथल्या काही वाड्यावस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस उतारावरून धावत निघून जातो. कानंदी, गुंजवणी, वेळवंडी, आंबी, मोसे या नद्या ते पाणी खाली नेतात. पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी ही धरणे वेल्ह्यात, भाटघर शेजारच्या भोरमध्ये. धरणाचे पाणी खालच्या शहरांना आणि शेतांना मिळते. वरच्या माणसाला खडकाने जे धरून ठेवले असेल तेवढेच.

हा खडक म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, भेगा नसलेले. त्यांतून पाणी जवळजवळ पाझरतच नाही. काही फुटलेले, भोकाभोकांचे. त्यांत पाणी मुरते. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. वरून मुरत आलेले पाणी तेथे अडते आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येते. गडाच्या वाटेवर एका ठराविक उंचीलाच ओळीने झरे का लागतात, याचे कारण बहुधा हेच असते. मुलांना सहलीला नेलेत तर तो तांबडा पट्टा जरूर दाखवा.

टाकी खोदणाऱ्या पाथरवटांनी भूगर्भशास्त्र वाचलेले नव्हते, पण साठवणीचे टाके घट्ट कातळात आणि जिवंत पाण्याचे टाके भेगेच्या तोंडाशी, हा फरक त्यांना पक्का ठाऊक होता. ही विद्या शिवकालाहून फार जुनी. कान्हेरी, जुन्नर अशा ठिकाणच्या लेण्यांमधील ब्राह्मी शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' असा शब्द येतो, आणि कुणी पोढी दान दिली याची नोंद असते. लेणे दान देणे आणि पाणी दान देणे हे एकाच मोलाचे पुण्य होते.

तोरण्यावर तोरणजाईचे टाके आणि खोकड टाके आहे. राजगडावर पद्मावती तळे, बालेकिल्ल्यावर चंद्रतळे आणि माच्यांवर टाकी. राजगड सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. इतकी वर्षे इतक्या माणसांना आणि जनावरांना डोंगरमाथ्यावर पाणी पुरवायचे म्हणजे तेथे काही हिशेब असणारच.

तो हिशेब वर्गात करून पाहता येईल. समजा, एक उघडे टाके १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे. त्यात १,८०,००० लिटर पाणी मावते. शंभर माणसांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दर दिवशी प्रत्येकी ५ लिटर धरले तर रोजचा खर्च ५०० लिटर, म्हणजे पाणी ३६० दिवस पुरेल. छान! पण बाष्पीभवन? ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर २४० दिवसांत पाण्याची पातळी तेवढ्यानेच १.२ मीटर खाली जाईल. म्हणजे ७२,००० लिटर उन्हाने प्याले. उरलेले १,०८,००० लिटर २१६ दिवस पुरतील. एक ऑक्टोबरपासून मोजा. टाके मेच्या पहिल्या आठवड्यात कोरडे! पाऊस अजून महिनाभर लांब आहे.

आता सह्याद्रीतल्या अनेक गडांवर दिसणारी खांबटाकी आठवा. कातळाच्या पोटात शिरून खोदलेली, मध्ये खांब सोडून वर खडकाचेच छत ठेवलेली. त्यांना जास्त मेहनत लागते. ती मेहनत का घ्यायची, हे वरच्या गणितावरून कळते. सावलीतले पाणी कमी उडते. शिवाय तेथे ऊन पोचत नसल्याने शेवाळ धरत नाही आणि पाणी स्वच्छ राहते.

या सर्व अनुभवाचा लेखी पुरावाही आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, गडाच्या पाण्याविषयी स्पष्ट सूचना आहेत. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर आधी कातळ फोडून पुढच्या पावसापर्यंत पुरतील अशी टाकी करावीत. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे क्षीण होतात आणि पाण्याचा खर्चही वाढतो. म्हणून दोन-चार टाकी राखीव ठेवावीत आणि त्यांतले पाणी खर्चू नये. तोफांच्या आवाजाने झरे आटतात हे आम्हाला पटलेले नाही. वेढा बहुधा उन्हाळ्यापर्यंत लांबत असणार आणि झरा आपल्या नेमाने आटत असणार. पण राखीव टाक्याची कल्पना शंभर नंबरी आहे. आणि तिचा एक फायदा अमात्यांनी सांगितलेला नाही: ज्या टाक्याला कुणी हात लावायचा नाही, त्यात पोहरा, पाय आणि घाण यांतले काहीच जात नाही.

निवळी, तुरटी आणि लुगडे

पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यासाठीही आपल्याकडे उपाय होते. निवळी नावाचा वृक्ष असतो. संस्कृतात त्याला कतक म्हणतात. विषारी कुचल्याचा हा सख्खा भाऊबंद, पण गुणाचा. त्याची बी सहाणेवर उगाळून पाण्यात ढवळायची, किंवा माठाच्या आतून घासायची. काही वेळाने गाळ तळाशी बसतो. मातीचे अतिसूक्ष्म कण ऋणभारित असतात. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून खाली बसत नाहीत. बियांतली द्रव्ये त्यांना एकत्र बांधतात, कणांचे पुंजके जड होतात आणि बुडतात. तुरटी हेच काम अधिक जोराने करते. शेवग्याच्या बियांतही हा गुण आहे; १९७०-८० च्या दशकांत सामिया अल् अझहरिया यान या संशोधिकेने सुदानमध्ये त्याचा बारकाईने अभ्यास केला. सुदानी बायकांनी ही युक्ती आधीच वापरात आणलेली होती, हे सांगायला त्या विसरल्या नाहीत.

गाळ बसताना त्याच्याबरोबर बरेचसे जिवाणूही खाली जातात. बरेचसे, सगळे नव्हे. येथेच आपल्या पूर्वजांची विद्या थांबली, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. 'निवळलेले ते चांगले' ही कसोटी जगभर हीच होती. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील ज्या पंपाच्या पाण्याने पटकी पसरल्याचे जॉन स्नो यांनी दाखवले, ते पाणी आसपासच्या लोकांना चवीला आवडत असे. त्याहून सांगण्यासारखी गोष्ट आपल्या देशातली आहे. रॉबर्ट कॉख १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा शोध घेत होते, तेव्हा रोगाचा स्वल्पविरामासारखा जंतू त्यांना वस्तीतल्या एका तळ्याच्या पाण्यात सापडला. त्याच तळ्यात लोक धुणी धूत आणि तेच पाणी पीत. साठवलेल्या पाण्यावर जगणाऱ्या सगळ्या मुलखाला हा इशारा होता.

यानंतर विहिरीत औषध टाकण्याचे युग आले. १८९० च्या दशकात आग्र्याच्या प्रयोगशाळेतील हॅन्किन यांनी पटकीच्या साथीत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा प्रचार केला. आपल्या आजोबांच्या बोलण्यात येणारे 'लाल औषध' ते हेच. त्याने पाणी गुलाबी होई, लोकांना काहीतरी केल्याचे समाधान मिळे. पण त्याची जंतू मारण्याची ताकद बेताचीच असते. पुढे त्याची जागा ब्लिचिंग पावडरने घेतली.

दरम्यान महाराष्ट्रात एक वेगळीच कहाणी चालली होती, ती नारूची. नारूचा जंत दोन-अडीच फूट लांब, पायाच्या फोडातून हळूहळू बाहेर येणारा. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला आणि पाय पाण्यात बुडाला, की जंत हजारो पिल्ले पाण्यात सोडतो. सायक्लॉप्स नावाचा टाचणीच्या डोक्याहूनही लहान जलचर ती खातो. ते पाणी दुसरा कुणी पितो आणि वर्षभराने त्याच्या पायाला फोड येतो. सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को यांनी १८७० साली ओळखला होता, आणि पुढे मुंबईच्या जिवाणुशास्त्र प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. तुरखुड यांनी १९१४ च्या सुमारास माणसावर पडताळून दाखवला. तरी नारू जायला आणखी ऐंशी वर्षे लागली. लस नव्हती, औषध नव्हते. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करणे, हातपंप बसवणे, पाण्यात अळीनाशक टाकणे आणि पाणी दुपदरी कापडातून गाळणे, एवढ्यावर हा रोग गेला. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. ज्या हातपंपांनी यात मोठी कामगिरी केली, त्या 'इंडिया मार्क टू'चा आराखडा सोलापूरला विकसित झालेल्या पंपावरूनच घेतला होता.

कापडाची गोष्ट येथे संपत नाही. कापडाने जिवाणू गाळले जात नाहीत, असे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे छातीठोकपणे शिकवत आलो. जिवाणू सुताच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान, हे खरेच आहे. पण रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील ६५ खेड्यांत केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. जुन्या साडीची निदान चार पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळणाऱ्या खेड्यांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. कारण पटकीचे जंतू पाण्यात पुष्कळदा सायक्लॉप्ससारख्या बारीक जलचरांना चिकटून राहतात. जलचर अडला की त्याच्याबरोबर जंतूही अडतात. जुन्याच साडीने का गाळायचे? धुऊन धुऊन सूत सैल पडते, तंतू फुलतात आणि छिद्रे लहान होतात. आमच्या मुक्कामाच्या घरी हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याची घडी होती. तिच्याकडे पाहून आम्ही आमचे शब्द मागे घेतले.

पण निम्मी पटकी टळली म्हणजे निम्मी राहिलीच. उरलेल्या कामासाठी दोनच भरवशाचे मार्ग उरतात, आच आणि क्लोरीन.

उकळण्याचा सल्ला आपण शहरातून फार सहज देतो. त्याचाही हिशेब करा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात. लाकडापासून किलोमागे साडेतीन हजार किलोकॅलरी मिळतात, पण साध्या चुलीत त्यांतला दहावा हिस्साच भांड्याला पोचतो असे धरू. म्हणजे लिटरमागे २०० ग्रॅमच्या वर लाकूड. पाच माणसांच्या घराला पिण्यापुरते २० लिटर पाणी उकळायचे तर रोज चार किलो, वर्षाला सुमारे दीड टन. हे जळण डोक्यावरून कोण आणते, ते वेल्ह्यात सांगावे लागत नाही. आजारी माणसाचे आणि तान्ह्या मुलाचे पाणी उकळावे. सगळ्या गावाचे उकळू म्हटले तर डोंगर बोडका होईल आणि त्यापाठोपाठ झराही जाईल.

क्लोरीन त्या मानाने फारच स्वस्त. ग्रामपंचायतीत ज्याला टीसीएल पावडर म्हणतात, तिच्यात ताजी असताना सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम पावडर, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला पाव किलो. टाकल्यानंतर अर्धा तास थांबायचे. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले तर तो आहे. (चाचणीचे पाणी आणि रसायन मुलांच्या हाताला लागू देऊ नका.) पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. म्हणून आधी निवळणे, मग औषध. निवळीच्या बीचे काम अजून संपलेले नाही.

उघड्या विहिरीसाठी नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने सुचवलेली दोन मडक्यांची पद्धत आम्हाला फार आवडते. एक मडके दुसऱ्यात बसवायचे, दोघांना प्रत्येकी एक सेंटिमीटरचे भोक. आतल्याचे वरच्या अंगाला, बाहेरच्याचे तळाजवळ. आतल्या मडक्यात एक किलो ब्लिचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण भरायचे, तोंडे बांधायची आणि दोरीने पाण्याच्या पातळीखाली मीटरभर सोडायचे. औषध दोन भोकांतून वाट काढत सावकाश झिरपते आणि घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे पुरते. कुंभाराची मडकी, ओढ्याची वाळू. बाहेरून आणायची ती फक्त पावडर.

ती पावडर मात्र ओल लागली, हवा लागली की मरते. घाटमाथ्यावर जुलैत भिंतींनाही पाणी सुटते. तेथे तोंड उघडे राहिलेल्या पिशवीतून क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो. नोंदवहीत पाव किलो टाकल्याची नोंद असते, विहिरीत पडलेला असतो नुसता चुना. आणि पाण्याने पसरणारे रोग वाढतात तेही याच दिवसांत. एका शाळेत पावडरीची पिशवी पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवून वर खरेदीची तारीख चिकटवलेली आम्ही पाहिली. त्या शाळेच्या पाण्यातच ओटी चाचणी पिवळी आली.

खालच्या शहरानेही बेफिकीर राहावे अशी स्थिती नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, खडकवासलाही गेले आणि पाण्यात बुडालेल्या पुण्याचे नळ कोरडे पडले. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे या मज्जाविकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर आला. ही वस्ती खडकवासल्याच्या पायथ्याशी, म्हणजे वेल्ह्याहूनच वाहत येणाऱ्या पाण्याच्या काठी आहे.

आता शिक्षकांच्या प्रश्नाकडे. लोक हेच पाणी पीत होते, ते कसे? काही अंशी टाकी तेव्हा राखली जात होती. आज सुटीच्या दिवशी गडावर शेकडो माणसे येतात आणि टाक्याच्या काठावरच हातपाय धुतात. आणि काही अंशी, पिणारे सगळेच जगत नव्हते. जुन्या घरांत 'आम्ही सात भावंडे, त्यांतली चार राहिली' असे वाक्य सहज ऐकू येते. गेलेल्या तिघांना काय झाले होते हे विचारले तर बहुधा 'हगवण लागली' एवढेच उत्तर मिळते.

आजींना आम्ही दोन्ही काळ्या बाटल्या दाखवल्या. त्यांनी टाक्याची बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग झऱ्याची बाटली मागितली. तिच्यातले पाणी अजून तसेच होते. "त्याच्यात आमी कुनाला पाय घालू देत न्हाई," त्या म्हणाल्या. झऱ्याच्या तोंडाशी त्यांच्या सासऱ्यांनी दगडाची पन्हळ बसवली होती, आणि हंडा पन्हळीखालीच भरायचा, आत बुडवायचा नाही, असा घरातला नेम होता.